आक्काच्या माडीवरचा सर्व्हर: प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर, अडीच वर्षं वापरून

सांगलीत पावसाळ्यात कुणी भेटलं की ‘बरं आहे ना’ विचारत नाही, ‘आयर्विनला किती?’ असं विचारतं. आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा पूल, तिथे पाण्याची पातळी मोजतात. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. माझं कर सल्लागाराचं ऑफिस गणपती पेठेत आहे. तळमजला, दोन खोल्या, सात माणसं आणि साडेतीनशेच्या आसपास पार्ट्या. त्यांचं जीएसटी आणि आयकर आमच्याकडे, आणि निम्म्या जणांची पुस्तकंही आम्हीच लिहितो. सगळं एका सर्व्हरवर. तो बुडाला तर काय करायचं, याची मी आजवर तीन उत्तरं शोधली. पहिली दोन पाण्यात गेली, तिसरं अजून टिकलंय.

पहिलं उत्तर तसं उत्तर नव्हतंच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २००५ ला पाणी कुठवर आलं होतं ते आठवून आम्ही सर्व्हर कपाटावर चढवला होता. कपाटच आडवं झालं. बॅकअपचा पेनड्राइव्ह त्याच कपाटाच्या खणात होता. दुसरी प्रत हार्ड डिस्कवर घरी होती, आणि घर नदीकाठच्या गावभागात! पाणी उतरल्यावर पेनड्राइव्हचं टोपण काढलं तर आत चहाच्या चोथ्यासारखा बारीक गाळ. पुढचे तीन महिने जीएसटी पोर्टलवरून एकेका पार्टीचे जुने रिटर्न उतरवून घेण्यात गेले. माझ्या पार्ट्यांचा जेवढा डेटा सरकारकडे होता तेवढा माझ्याकडे नव्हता.

मग शहाणपण सुचलं आणि कोल्हापुरात भावाच्या घरी, दुसऱ्या मजल्यावर, एक नेटवर्क स्टोरेजचा डबा ठेवला. सर्व्हरवरचे फोल्डर दर तासाला जसेच्या तसे तिकडे जायचे. दीड वर्ष मी निवांत होते. एका शुक्रवारी ऑफिसातल्या पोराने जागा करायची म्हणून एका पार्टीचं आख्खं फोल्डर उडवलं, सोमवारी लक्षात आलं. कोल्हापूरच्या डब्यात बघितलं तर तिथेही नाही. आम्ही ठेवला होता आरसा. इकडे कपाळावरचं कुंकू पुसलं की आरशातलंही पुसतं, त्यात आरशाचा काय दोष?

आणि २०२१ च्या जुलैत त्या उत्तराचं उरलंसुरलं तेज गेलं. सांगलीत पाणी आलं त्याच आठवड्यात पंचगंगेनेही पात्र सोडलं. भावाचा डबा दुसऱ्या मजल्यावर कोरडा ठणठणीत, पण खाली मीटरची खोली पाण्यात. वीज नाही, नेट नाही, रस्ते बंद. माझ्या डेटाच्या दोन प्रती होत्या, दोन्ही जिवंत होत्या, आणि एकीपर्यंतही माझा हात पोचत नव्हता. पन्नास किलोमीटरवरची प्रत लांब वाटते, पण वरचा पाऊस एकच. तो पडला की कृष्णा आणि पंचगंगा बरोबरच फुगतात.

म्हणून तिसरी जागा नकाशात अंतर बघून निवडली नाही, पाणी बघून निवडली. माझी मोठी बहीण, आक्का, विट्याला असते. खानापूर तालुका, दुष्काळाचा. कृष्णेचं पाणी तिकडे जातं ते टेंभू योजनेच्या पंपांनी, टप्प्याटप्प्याने चढून. जिथे यायला कृष्णेला वीज लागते तिथे ती माझ्या सर्व्हरच्या मागे येणार नाही, एवढा साधा हिशेब. आक्काचा मुलगा संगणकातला. तो म्हणाला, “मावशी, डबा विकत घेऊ नको. प्रॉक्समॉक्स टाकू.” मला ते मलमाचं नाव वाटलं.

प्रॉक्समॉक्स ही व्हिएन्नातली कंपनी. तिचं एक सॉफ्टवेअर सर्व्हरवर बसतं आणि त्याच्या पोटात आपला विंडोजचा सर्व्हर आभासी मशीन म्हणून चालतो. दुसरं, म्हणजे ज्याबद्दल हे लिहितेय ते बॅकअप सर्व्हर, त्या आख्ख्या मशीनची प्रत घेतं. फोल्डरची नाही, मशीनची: विंडोज, हिशेबाचं सॉफ्टवेअर, प्रिंटरची सेटिंगं, पोरांनी डेस्कटॉपवर टाकलेला पसारा, सगळ्यासकट. पहिली आवृत्ती २०२० च्या नोव्हेंबरात आली. मुक्त स्रोत आहे, फुकट वापरता येतं. वर्गणी भरली नाही तर लॉगिन करताना दरवेळी ‘तुमच्याकडे वैध सबस्क्रिप्शन नाही’ अशी पाटी येते. अडीच वर्षं मी ती पाटी बंद करतेय. वर्गणी भरली की कंपनीकडून मदत मिळते आणि जास्त तावून-सुलाखून घेतलेले अपडेट मिळतात. आम्हाला मदत भाच्याकडून मिळते, म्हणून भरली नाही.

२०२३ च्या एप्रिलमध्ये सुरू केलं. मुहूर्त भाच्याचा नव्हे, कायद्याचा. त्याच १ एप्रिलपासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल, म्हणजे केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद, सक्तीचा झाला. त्याआधी २०२२ च्या ऑगस्टमध्ये कंपनी लेखा नियमांत एक दुरुस्ती झाली होती: पुस्तकं संगणकावर असतील तर त्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोजच्या रोज हवा. आधी तिथे ‘ठरावीक काळाने’ असं होतं, ते ‘रोज’ झालं. जबाबदारी कंपनीची, पण माझ्याकडे तीन प्रायव्हेट लिमिटेडची पुस्तकं लिहिली जातात. ऑडिटरने विचारलं की मालक माझ्याकडेच बघणार. विटा भारतात आहे आणि बॅकअप रोज होतो. कागदावर मी आता ताठ उभी आहे.

रचना अशी. सांगलीच्या ऑफिसात सर्व्हरशेजारी एक जुना पीसी, त्यावर पहिली प्रत. रात्री साडेबाराला सर्व्हर तिथे उतरतो. दीड वाजता विट्याचं मशीन जागं होऊन सांगलीतून नवीन तेवढं ओढून घेतं. ‘ओढून’ हा शब्द महत्त्वाचा. सांगलीचं मशीन विट्याला काही ढकलत नाही, सांगलीकडे विट्याची किल्लीच नाही. उद्या ऑफिसात कुणी भलत्या मेलवर क्लिक केलं आणि खंडणीवाला व्हायरस शिरला, तर तो सांगलीची दोन्ही मशीनं खाईल, पण विट्याच्या जुन्या प्रतींना हात लावू शकणार नाही. सिंकच्या, म्हणजे या ओढून घेण्याच्या, पानावर एक चौकोन असतो: मूळ ठिकाणी जे गायब झालं ते इथूनही काढायचं का? तिथे टिक करायची नाही. कोल्हापूरचा आरसा मोडला तो या चौकोनाने.

ओढतं किती? आमच्या मशीनची डिस्क १८० जीबीची. प्रॉक्समॉक्स तिचे ४ एमबीचे तुकडे पाडतं, आणि जो तुकडा आधीच आहे तो परत साठवत नाही. रोज बदलतात ते दोन-तीन जीबी, दाबून बसवल्यावर त्याहून कमी. ५० एमबीपीएसच्या नेटवर पाच-सात मिनिटांत संपतं. विट्याला आज चौदा दिवसांच्या रोजच्या, आठ आठवड्यांच्या आणि पुढे महिन्याच्या अशा चाळीसच्या आसपास प्रती आहेत, आणि १ टीबीची डिस्क अर्धीही भरलेली नाही. पहिली प्रत मात्र नेटवरून पाठवण्याच्या भानगडीत पडलो नाही. विट्याचं मशीन आधी सांगलीला आणलं, ऑफिसच्या वायरने भरलं, आणि तासगावमार्गे एसटीने मांडीवर घेऊन गेले. कंडक्टरने विचारलं, “डब्यात काय?” मी म्हटलं, “साडेतीनशे लोकांचे हिशेब.” त्याने तिकीट माझं एकटीचंच फाडलं.

आता जिथे माती खाल्ली ते.

विट्याला पहिल्यांदा आम्ही मशीन ठेवलं होतं दाजींच्या मागांच्या शेडला लागून असलेल्या खोलीत. खोली कोरडी, कुलूपबंद, इन्व्हर्टरची लाइन हाताशी. मशीन म्हणजे जुना उभा पीसी, आत फिरणारी हार्ड डिस्क. भिंतीपलीकडे यंत्रमाग दिवसरात्र खडाखडा चालतात, हे आम्हा तिघांपैकी एकालाही खटकलं नाही. आक्काच्या घरात तो आवाज कुणाला ऐकूच येत नाही, मागबंदीच्या दिवशी मात्र सगळ्यांची झोप मोडते. चार महिन्यांत रविवारच्या पडताळणीत लाल ओळी आल्या, काही तुकडे वाचता येईनात. झाकण काढलं तर पंख्यावर कापसाच्या तंतूंची गोधडी. फुंकर मारून जाण्यासारखी नव्हे, बोटाने सोलून काढावी लागली. खाली प्रोसेसर तापून लाल. धक्के, धूळ आणि उष्णता, डिस्क मारायला जे जे लागतं ते सगळं आम्ही पूरमुक्त जागेत जमवलं होतं.

पण त्या पडताळणीचं मला कौतुक आहे. प्रत घेऊन गप्प बसणारी सॉफ्टवेअरं खूप बघितली. हे दर आठवड्याला साठवलेला प्रत्येक तुकडा पुन्हा वाचून बघतं आणि बिघडला असेल तर तोंडावर सांगतं. ते नसतं तर डिस्क मेल्याचं मला पुढच्या पुरात कळलं असतं.

मग जुना मिनी पीसी घेतला, साडेसतरा हजारांना, टिफिनच्या चपट्या डब्याएवढा. आत एसएसडी, म्हणजे फिरणारं काही नाही. तो माडीवर, देवघराच्या बाजूच्या फळीवर गेला. साधारण १५ वॅट खातो, म्हणजे महिन्याला ११ युनिटच्या आसपास. आक्का बिलाचे पैसे घेत नाही. दर महिन्याला सांगलीचं भडंग पोचलं पाहिजे, एवढंच भाडं. खंडेनवमीला दाजींनी मागांची पूजा केली आणि आक्काने माडीवरच्या यंत्राची. हळद-कुंकू वाहिलं ते नेमकं हवेच्या जाळीवर. भाच्याने ब्रशने झाडलं, तरी एका कडेला पिवळं अजून आहे. आता पूजेच्या दिवशी डब्यावर उलटं ताट ठेवतात आणि कुंकू ताटाला लावतात.

दुसरी चूक जास्त वाईट होती, कारण ती दिसत नव्हती. पार्ट्यांचे पॅन, बँकेचे उतारे, पगारपत्रकं दुसऱ्याच्या घरी ठेवायची, तर ती कुलुपात हवीत. प्रॉक्समॉक्समध्ये सांगलीहून निघायच्या आधीच डेटा सांकेतिक होतो आणि विट्याच्या मशीनला आत काय आहे ते वाचता येत नाही. हे सुरू करताना एक खिडकी उघडते: ही किल्ली, हिची प्रत घ्या, फाइल उतरवा किंवा कागदावर छापा. आम्ही ‘नंतर बघू’ म्हणून ती खिडकी बंद केली. सहा महिन्यांनी विट्याला पहिल्यांदा मशीन उभं करून बघायला बसलो तर ते किल्ली मागायला लागलं. आणि किल्ली फक्त सांगलीच्या सर्व्हरवर. म्हणजे ज्या दिवशी सांगली बुडेल त्या दिवशी विट्याची तिजोरी शाबूत, आणि किल्ली नदीत. भाचा काही बोलला नाही, मीही नाही. आक्काने खालून चहा आणला तेव्हा तिला वाटलं आमचं भांडण झालंय.

आता ती किल्ली क्यूआर कोडसकट कागदावर छापून लॅमिनेट केली आहे. एक प्रत बँकेच्या लॉकरमध्ये, एक पुण्यात धाकट्या दिराकडे. यंत्राजवळ नाही, आक्काकडेही नाही. पासवर्डची वही जशी टेबलाच्या खणात ठेवत नाहीत तसंच. (ठेवतात. मला माहीत आहे.)

तेव्हापासून दर अमावस्येला मी विट्याची प्रत उघडून बघते. अमावस्येला नवं काम घेऊन ऑफिसात कुणी येत नाही, म्हणून तो दिवस. विट्याच्या मिनी पीसीवर भाच्याने बॅकअप सर्व्हरबरोबर प्रॉक्समॉक्सचं दुसरं सॉफ्टवेअरही बसवलंय. कंपनी म्हणते दोन्ही एकाच मशीनवर नसलेलं बरं, पण आमच्या आकाराला चालतं. कालची प्रत निवडायची, ‘लाइव्ह रिस्टोर’वर टिक करायची, आणि मशीनचं नेटवर्क कार्ड तोडून ठेवायचं, नाहीतर एकाच नावाची दोन जुळी मशीनं बोलायला लागतात. पूर्ण प्रत उतरायची वाट बघावी लागत नाही. मागे डेटा उतरत असतो आणि पुढे दोन-तीन मिनिटांत विंडोजचं दार दिसतं. पहिल्यांदा माझ्याच ऑफिसचा डेस्कटॉप, कालच्या तारखेसकट, माझ्या लॅपटॉपवर विट्याहून उघडला तेव्हा मी उगाचच रीसायकल बिन उघडून बघितला. होता तसा भरलेला.

मग मी ठरावीक तीन गोष्टी बघते. एका पार्टीचं शेवटचं व्हाउचर, एक स्कॅन केलेली पीडीएफ आणि पगाराची एक शीट. पहिल्याच चाचणीत कळलं की हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स या अनोळखी मशीनला मानत नाही. डेटा दिसतो, पण काम करायचं तर लायसन्स पुन्हा चालू करून घ्यावं लागतं. त्याचा नंबर आणि नोंदवलेला मेलचा पासवर्ड आता किल्लीच्या कागदाच्या मागेच लिहिलाय.

तक्रारी आहेत. हे सॉफ्टवेअर शहाण्यासाठी केलेलं आहे, घाईतल्या माणसासाठी नाही. जुन्या प्रती छाटल्या की जागा मोकळी होईल असं कुणालाही वाटेल. तसं होत नाही. छाटणी म्हणजे नुसती रद्दी बांधून दारात ठेवणं. भंगारवाला वेगळा येतो, त्याला ते ‘गार्बेज कलेक्शन’ म्हणतात, आणि तोही चोवीस तासांत हाताळलेल्या तुकड्यांना शिवत नाही. हे आम्हाला कळलं सांगलीची छोटी डिस्क ९७ टक्के भरल्यावर. मी प्रती उडवतेय, आकडा जागचा हलत नाहीये, आणि दुसऱ्या दिवशी जीएसटीच्या ३बी रिटर्नची शेवटची तारीख.

दुसरं, आभासी मशीन बंद करून चालू केलं की कुठले तुकडे बदलले याची त्याची आठवण पुसते. मग पुढच्या बॅकअपला ते आख्खी डिस्क वाचून काढतं. पाठवतं बदललेलं तेवढंच, पण चार मिनिटांचं काम पाऊण तासावर जातं. २०२४ च्या जुलैत पाणी इशारा पातळीच्या आसपास आलं तेव्हा आम्ही घाईने सर्व्हर बंद केला, मिरजेला हलवला, आणि तिथे चालू करून बॅकअप लावला. तो संपेचना, मला वाटलं गेलं काहीतरी. काही गेलं नव्हतं. आता क्रम बदललाय: आयर्विनला ३५ लागले की आधी हाताने एक बॅकअप, विट्याला तो पोचल्याची खात्री, आणि मगच बंद करायचं.

नेटचं रडगाणं वेगळं. विट्याच्या नेटवाल्याकडे स्वतंत्र पत्ता मिळत नाही, आख्खी गल्ली एकाच पत्त्यामागे. म्हणून सांगलीला महिन्याचे जादा पैसे भरून स्थिर आयपी, म्हणजे न बदलणारा नेटचा पत्ता, घेतला, आणि विट्याचं मशीन वायरगार्ड या खाजगी जोडणीच्या सॉफ्टवेअरने स्वतःच सांगलीला जोडून घेतं. गटारीसाठी रस्ता खणला की वायर तुटते, दोन-तीन रात्री सिंक होत नाही, जोडली की मागचं सगळं ओढून घेतं. याबाबतीत सॉफ्टवेअर समजूतदार आहे.

कुणी घ्यावं? ज्याच्याकडे भाचा आहे त्याने. लिनक्सला न घाबरणारा आणि महिन्यातून तासभर देणारा एक माणूस हवाच. तो नसेल तर तयार स्टोरेजचा डबा घ्या, फक्त त्यात नुसतं सिंक नको, जुन्या तारखांच्या प्रती ठेवणारं काहीतरी हवं. ज्यांचा सर्व्हर विंडोजच्या हायपर-व्हीवर, म्हणजे आभासी मशीन चालवायच्या विंडोजच्याच सोयीवर, आहे त्यांना त्यातलीच रेप्लिका मिळते. ती ३० सेकंदांपासून १५ मिनिटांच्या अंतराने दुसरीकडे मशीन ताजं ठेवते. ज्यांना तासाभराचं कामही गमवायचं नाही त्यांना ती चांगली. पण मागे जायला जास्तीत जास्त एका दिवसाचे थांबे, आणि माझा शुक्रवार तर सोमवारी कळला होता.

पाचपैकी चार. एक गुण त्या रद्दीच्या प्रकरणाचा कापला.

चौथी आवृत्ती २०२५ च्या ऑगस्टमध्ये आलीय. आम्ही अजून तिसरीवर आहोत, ऑडिटचा सीझन संपल्याशिवाय मी भाच्याला हात लावू देणार नाही. माडीवरच्या यूपीएसची बॅटरीही बदलायची आहे. ते आम्हाला कुठल्या मेलने कळवलं नाही. आक्काचा फोन आला, “तुझं यंत्र रात्री लाइट गेल्यावर लगेच गप्प बसलं गं, आधी बराच वेळ चालायचं.”